व्हरांडा बंद होता, सिस्टर

सिस्टर, तुमचा कम्प्युटर माझ्या दुकानात आहे. तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. तुमच्या सुनेनं, प्रणितानं, काल तो ऑटोत मांडीवर धरून आणला आणि सोबत तुमची लाल फाइलही दिली. "आई म्हणायच्या, हे दोन्ही सुषमाचं," एवढंच बोलली आणि गेली. कॅबिनेट उघडलं तर आत आपल्या वणीची कोळशाची धूळ बोटभर. तुम्ही असत्या तर म्हटलं असतं, "पाह्य वं, याले पण दमा झाला." पंखा साफ केला, मशीन चालू केलं, तुमची ती मोठी फाइल उघडली आणि पाच मिनिटांत पिवळी चौकट समोर आली. मेमरी कमी पडते आहे, म्हणे. तुम्ही गेल्यावर मला पहिल्यांदा नीट रडू आलं ते तेव्हा. लाकडं रचली तेव्हाही आलं नव्हतं.

मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. दोन वर्षांपासून राहिली आहे. तुमच्यासमोर बसून सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून आता दुपारच्या वेळी शटर अर्धं ओढून लिहायला बसले आहे. पण मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. थोडं मागून सुरू करते.

मी दुकान टाकलं तेव्हा लोक झेरॉक्स काढायला यायचे, फॉर्म भरायला यायचे, पण मशीन दुरुस्तीला कोणी देत नव्हतं. बाईमाणूस कम्प्युटर खोलते हे बघायला मात्र यायचे. तुम्ही आलात सायकलरिक्षात कम्प्युटर घालून. रिटायर होऊन वर्षही झालं नव्हतं. बाकावर दोन माणसं बसली होती, त्यातलं एक म्हणालं, "सिस्टर, हे काम बाईले जमन का?" तुम्ही मान पण वळवली नाही. म्हणाल्या, "बाईनं लेकरू काढलेलं चालते तुमाले, स्क्रू काढलेला काहून नाई चालत?" तो माणूस गुपचूप उठून गेला. पुढच्याच आठवड्यात स्वतःचा प्रिंटर घेऊन आला. माझं दुकान चाललं ते तुमच्या त्या एका वाक्यावर, आणि हेही मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. असं बोलायची आपली रीत नव्हती.

तेव्हाही तुमची तक्रार हीच होती, पिवळी चौकट. तुम्ही एका कागदावर तिची नक्कल करून आणली होती, इंग्रजी अक्षरं जशीच्या तशी, वर तारीख आणि वेळ. मी समजावून सांगायला लागले, की मशीनमध्ये एक रॅम असते, चालू काम तिथं राहतं. ती भरली की मशीन हार्ड डिस्कवरची थोडी जागा उसनी घेतं आणि जे काम लगेच लागत नाही ते तिकडं सरकवतं. त्या उसन्या जागेला व्हर्च्युअल मेमरी म्हणतात. तुम्ही मला मध्येच थांबवलं. "म्हणजे वॉर्ड भरला की पेशंट व्हरांड्यात." मी म्हटलं, हो. "आन् व्हरांडाही भरला की ही चौकट." हो. "मंग व्हरांडा मोठा कर ना बाप्पा, एवढं लेक्चर कायले देऊन राह्यली?" मी सेटिंगमध्ये गेले, सगळ्यात खालची ती खिडकी उघडली, आकडा वाढवला, मशीन बंद करून चालू केलं. तुम्ही माझ्या खांद्यावरून बघत होत्या, कुठं कुठं क्लिक केलं ते लिहून घेत होत्या.

त्या दिवसापासून तुम्ही कम्प्युटरचा केसपेपर ठेवायला लागल्या. मला वाटलं गंमत करतात. पण लाल फाइलमध्ये खरंच रकाने आखलेले होते: तारीख, तक्रार, तपासणी, इलाज, सल्ला. तुम्ही लिहीत असताना मी एकदा डोकावले, तर सल्ल्यामध्ये लिहिलं होतं, "एका वेळी फार खिडक्या उघडू नये." मी आठ दिवस ज्याला त्याला सांगत सुटले होते. रॅम वाढवू म्हटलं की तुम्ही म्हणायच्या, "आधी औषध, मंग ऑपरेशन." ऑपरेशनला तुम्ही कधी तयार झाल्या नाहीत.

आणि काम काय होतं त्या मशीनवर! तुम्ही तीस वर्षं पोडांवर बाळंतपणं केली, मारेगावकडं, झरीकडं, जिथं कोलामांच्या वीस-पंचवीस घरांच्या वस्त्या आणि रस्ता पावसाळ्यात गायब. सरकारी रजिस्टर वेगळं, पण तुमची स्वतःची डायरी होती. एका लेकराला एक पान. आईचं नाव, तारीख, वजन आणि खाली दोन ओळी, त्या वेळी काय झालं त्याच्या. ती लेकरं शाळेत गेली तेव्हा कोणाकडंच जन्माचा कागद नव्हता. गुरुजींनी सगळ्यांना एक जून लावून दिला. आख्ख्या पोडाचा वाढदिवस एका दिवशी. तुम्हाला त्याचा फार राग होता. "मी रात्र रात्र जागली आन् मास्तरनं सगळे एकाच दिवशी जन्माले घातले," म्हणायच्या.

म्हणून तुम्ही डायऱ्यांतली पानं कम्प्युटरवर चढवत होत्या. एक पान टाईप झालं, स्कॅन करून त्याचं चित्र ओळीच्या बाजूला चिकटवलं, की ते पान डायरीतून फाडायचं. पिशवीत घालायचं, सोमवारी एसटीनं बाजाराला जायचं आणि ज्याचं त्याच्या हातात द्यायचं. "घे, हा तुहा जन्म." मी किती वेळा म्हटलं, सिस्टर, फाडू नका, झेरॉक्स द्या, मी फुकट काढून देते. तुम्ही म्हणायच्या, "झेरॉक्स कायले? माह्यासाठी मशीनमधलं चित्र पुरते, असली त्याची आहे."

आणि आपलं खरं भांडण ते चित्रांचं. मी म्हणायची, चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, एकाच फाइलीत शेकडो चित्रं कोंबली म्हणून तुमचं मशीन धापा टाकतं. तुम्ही म्हणायच्या, "माय एका वॉर्डात आन् लेकरू दुसऱ्या वॉर्डात? मी नाई ठेवलं कधी, आताही नाई ठेवत." तुमच्या घरी दर खेपेला हा वाद व्हायचा, दर खेपेला चहा व्हायचा आणि मी व्हरांडा आणखी थोडा वाढवून यायची. निघताना तुमची फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी करायची, हे माझं काम. ते मी एकदाही चुकवलं नव्हतं.

एकदा चुकवलं. आता सांगते.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी होऊन गेली होती. डिस्क भरत आली होती आणि व्हर्च्युअल मेमरीची फाइल तुकड्या-तुकड्यांत विखुरली होती. त्यावर माझा एक नुस्खा होता, मी सगळ्यांच्याच मशीनवर करायची. आधी व्हर्च्युअल मेमरी पूर्ण बंद करायची. मग डिस्कवरच्या विखुरलेल्या फाइली एका रांगेत लावायला मशीनला सांगायचं, त्याला दोन-तीन तास लागतात. ते झालं की मेमरी परत चालू करायची, म्हणजे तिला सलग जागा मिळते. मी बंद केली. रांगेचं काम लावलं. तेवढ्यात दुकानातून फोन आला, की चार दिवस बंद असलेली स्कॉलरशिपची वेबसाइट चालू झाली, उद्या शेवटची तारीख आणि बाहेर चाळीस पोरी उभ्या आहेत. मी तुम्हाला म्हटलं, "सिस्टर, हे आपोआप होऊ द्या, मी संध्याकाळी येऊन जाते." पेन ड्राइव्ह पर्समध्येच राहिला. संध्याकाळी मी आले नाही. दुसऱ्या दिवशी आले नाही. खरं सांगू का, मला आठवलंच नाही.

अकरा दिवस तुम्ही तशाच काम करत राहिलात. वॉर्ड भरलेला आणि व्हरांड्याला कुलूप. बाराव्या दिवशी सकाळी तुम्ही सेव्ह दाबलं, मशीन लटकलं, आणि परत चालू केल्यावर फाइल उघडेचना. तुमचा फोन आला तेव्हा आवाज एकदम शांत होता. "सुषमे, फाइल दगावली वाटते. येऊन जाय." गाडीवर येताना जुन्या बसस्टँडपाशी मला आठवलं, मी काय बंद करून ठेवलं होतं.

तुम्ही चहा ठेवायला आत गेल्या. मी पटकन त्या खिडकीत गेले, मेमरी चालू केली, खिडकी मिटली. मग फाइल वाचवायचे सगळे उपाय केले, एकही लागू पडला नाही. माझ्या पेन ड्राइव्हवरची प्रत त्याच्या आधीच्या खेपेची, म्हणजे तीन आठवडे जुनी. मधली त्रेचाळीस लेकरं गेली. त्यांची पानं तुम्ही दोन बाजारांत वाटून टाकलेली होती. तुम्ही कप ठेवला आणि विचारलं, "काय झालतं वं?"

मी म्हटलं, "लाइट, सिस्टर. लाइट खालीवर होते ना आजकाल, फाइल लिहिता लिहिता झटका बसला असेल."

तुम्ही टेबलाखाली बघितलं. तिथं यूपीएस होता. मीच दोन महिन्यांपूर्वी बसवून दिला होता, लाइटचा झटका बसू नये म्हणून. त्याचा हिरवा दिवा चालू होता. तुम्ही त्या दिव्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाल्या, "हाव, लाइट लय खराब झाली." मग बिस्किटाची बशी पुढं सरकवली. मला वाटलं, सुटले. सिस्टर, मी इतकी मूर्ख की मला खरंच वाटलं, सुटले.

त्यानंतर तुम्ही मागं लागल्या. "सुषमे, मले तुह्या गाडीवर पोडावर घेऊन चाल. त्यांच्या घरी पानं आहेत, तू मोबाइलमधी फोटो काढजो, मी परत टाईप करतो. आता माह्ये गुडघे नाई चालत." मी म्हणायची, या शनिवारी पाहू. मग लग्नसराई, मग परीक्षेचे फॉर्म, मग ऊन, मग पाऊस. कामं खोटी नव्हती, पण एखादा शनिवार काढता आला नसता असंही नव्हतं. मला त्या पानांसमोर उभं राहायचं नव्हतं. एकेक पान बघताना तुम्ही शेजारी असणार आणि मला प्रत्येक वेळी वाटणार, हे मी घालवलं. म्हणून मी तुमच्याकडं येत राहिले, पंखा साफ करत राहिले, आणि पोडाचं नाव निघालं की हेल्मेट उचलत राहिले.

दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा तुमच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. तरी नर्सला सांगत होत्या, सलाइन जरा हळू सोड म्हणून. माझा हात धरून विचारलं, "काई सांगाचं आहे का तुले?" मी म्हटलं, "नाही सिस्टर. तुम्ही बोलू नका, आराम करा." तुम्ही हात थोपटला आणि डोळे मिटले. मला वाटलं, मरणाऱ्या माणसाचं ते नेहमीचं विचारणं असतं, तसंच हे. घरी येऊन भाजी चिरली, पोराचा अभ्यास घेतला.

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मांडवाबाहेर गर्दी बरीच होती. वंदना झाली, लोक जेवायला बसले. मी वाढत होते तर एक चाळिशीचा माणूस हात न धुता नुसताच उभा. नाव मारोती, झरीकडच्या पोडावरचा. हातात प्लॅस्टिकची थैली, थैलीत लॅमिनेशन केलेलं एक पान. मला म्हणाला, "तुमीच का सुषमा मॅडम?" मी म्हटलं, हो. "सिस्टर सांगत होत्या, मशीनमधलं गेलं आहे, सुषमा येईन पान पाहाले, तंवर सांभाळून ठेवा, बाजारात आणू नका, भिजन. आमी ठेवलं. साऱ्याईनं ठेवलं आहे. तुमी आल्याच नाई, म्हणून मीच आणलं."

दोन वर्षं. सिस्टर, दोन वर्षं ती माणसं माझी वाट बघत होती आणि तुम्ही त्यांना माझ्याबद्दल एक वाकडा शब्द सांगितला नव्हता. सुषमा येईन, एवढंच. मला त्या वेळी तुमचा रागही आला. आता हसू नका. मला वाटलं, मला एक थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

पान मी मांडवाच्या खांबाला टेकून वाचलं. तुमचं ते गोल अक्षर. "तान्हा पोळा, पोळ्याचा दुसरा दिवस. बैलगाडीत, नाल्याच्या अलीकडे. बैलांची शिंगं अजून रंगलेली. मुलगा रडायला वेळ लागला, नंतर थांबेना." मारोती म्हणाला, "माह्या आधारवर एक जून आहे. पण पोरगी माहा वाढदिवस तान्ह्या पोळ्यालेच करते. केक आणते मारेगाववरून." मी फोटो काढला. लॅमिनेशनवर उजेड चमकत होता, दोनदा काढावा लागला. त्याला म्हटलं, "मी शनिवारी येते पोडावर. नक्की येते." तो म्हणाला, "या ना," आणि मग हात धुवायला गेला.

आज सकाळी दुकानात आल्यावर तुमची लाल फाइल उघडली. इतके दिवस मला वाटायचं, तिच्यात मशीनचंच काहीतरी असणार. त्या तारखेचं पान काढलं. तुम्ही लिहिलं आहे:

"तक्रार: फाइल दगावली. तपासणी: व्हरांडा बंद होता. मी सकाळी सेटिंग उघडून पाहिलं, हात लावला नाही. इलाज: सुषमाने येऊन उघडला, मी दारातून पाहिलं. तिने लाइट सांगितली. पोरगी लई घाबरली आहे. सल्ला: विचारू नये. माझ्या पहिल्या पोस्टिंगला माझ्याकडून चूक झाली तेव्हा मोठ्या सिस्टर चार महिने थांबल्या होत्या, मी आपणहून सांगेपर्यंत. सांगितल्यावर मी सुधरली. थांबावे."

मग त्याच्या पुढची पानं. माझी एकेक खेप. "सुषमा आली. पंखा साफ केला. सांगितलं नाही." "सुषमा आली. माऊस बदलला. सांगितलं नाही." "सुषमा आली. मुलाला ताप आहे म्हणाली, काढ्याचं सांगितलं. सांगितलं नाही." किती खेपा आहेत ते मी मोजलं नाही. शेवटची नोंद दवाखान्यातली आहे, अक्षर वाकडं, फाइल प्रणितानं तिकडं नेऊन दिली असणार. "सुषमा भेटून गेली. विचारून पाहिलं. सांगितलं नाही. हरकत नाही."

हरकत आहे, सिस्टर. तुमचे चार महिने होते, माझी दोन वर्षं झाली तरी संपली नाहीत आणि तुम्ही मात्र संपून गेल्या. थांबायचं तुम्हाला जमलं, मला सांगायचं जमलं नाही. तुम्ही एकदा ओरडला असतात, "व्हरांडा कोणं बंद केलता वं?" तर मी त्याच क्षणी रडून मोकळी झाले असते आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला गाडीवर बसवून पोडावर नेलं असतं. हे आपलं दुसरं भांडण, तुमच्याशिवाय चालू ठेवते. पहिल्याचाही निकाल सांगून टाकते. मी आज चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये काढली. तुम्ही चुकत होत्या. वेगळी असती तर ती त्रेचाळीस चित्रं वाचली असती. रॅमही बदलली, जुनी कुठून तरी शोधून मिळाली. झालं ऑपरेशन. पिवळी चौकट तेव्हापासून आली नाही. तुम्हाला हे आवडलं नसतं, आणि तुम्ही तोंड वाकडं करून मला चहा पाजला असता, तो चहा मला आत्ता हवा आहे.

मारोतीची ओळ टाईप केली. सेव्ह केली, पेन ड्राइव्हवर घेतली, दुसऱ्या पेन ड्राइव्हवर पण घेतली. आईचं नाव, तान्हा पोळा, बैलगाडी, रंगलेली शिंगं. राहिली बेचाळीस. गाडीत पेट्रोल टाकून ठेवलं आहे आणि शनिवारचं दुकान बंद राहील असा कागद शटरला चिकटवला आहे.

मग लाल फाइलमध्ये तुमच्या शेवटच्या ओळीखाली रकाने आखले, तुमच्यासारखेच. तारीख टाकली. तक्रार: जुनी. तपासणी: व्हरांडा मी बंद केला होता आणि विसरले होते. लाइट गेली नव्हती. इलाज: पोडावर जाणे. सल्ल्याच्या रकान्यात तुमचेच दोन शब्द घेतले, त्यातला एक खोडून.

सांगितलं.